ईएचआर आहे, तरी क्लेम परत येतात आणि पैसे दोन महिन्यांनी मिळतात: सुरुवात कुठून करावी?

ओपीडी_व्यवस्थापन

नमस्कार मंडळी,

चार डॉक्टर, दोन नर्स, रिसेप्शनला दोघं आणि बिलिंगला दोघं असं क्लिनिक आहे. रोज साधारण १२० रुग्ण, त्यातले ७० ते ७५ विम्याचे. ईएचआर (रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) दीड वर्षापासून चालू आहे. अपॉइंटमेंट, केसपेपर, लॅबच्या ऑर्डर, औषधं सगळं त्यातच होतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळं आहे आणि दोघांमध्ये इंटरफेस (माहिती इकडून तिकडे नेणारा दुवा) बसवलेला आहे.

आजची स्थिती अशी: तपासणी झाल्यापासून क्लेम जायला सरासरी ६ दिवस. दर सातातला एक क्लेम पहिल्या फेरीत पास होत नाही. थकबाकीचे दिवस, म्हणजे येणं किती दिवसांच्या बिलिंगएवढं आहे, ५८. एकूण थकबाकीतली २२ टक्के रक्कम ९० दिवसांच्या पुढची.

ईएचआरवाल्या कंपनीचं म्हणणं आहे की महसुलाचं वेगळं मॉड्यूल घ्या, त्यात क्लेम पाठवण्याआधी आपोआप तपासणी होते. ते घेण्याआधी आहे त्याच ईएचआरमधून काय सुधारता येईल? कोणते रकाने सक्तीचे करावेत? आणि दर आठवड्याला कोणते रिपोर्ट बघावेत, म्हणजे नुसती आकड्यांची रास होणार नाही?

---

नोंदणी_ते_वसुली

मॉड्यूलचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा. आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा. त्यासाठी लागणारं सगळं तुमच्याकडे आत्ताच आहे.

गेल्या तीन महिन्यांत पास न झालेले १०० क्लेम काढा. निवडून नकोत, तारखेप्रमाणे सलग घ्या. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: विमा कंपनीने दिलेलं कारण, ते ईएचआरच्या नेमक्या कोणत्या रकान्यातून उगवलं, तो रकाना कोण भरतं आणि भेटीच्या कोणत्या टप्प्यावर भरतं. बिलिंगची माणसं सहसा पहिल्या गोष्टीवरच थांबतात. ‘सदस्य सापडला नाही’ असं कारण आलं की नंबर दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवतात, पण रुग्णाच्या नोंदीत जुनाच नंबर राहतो. पुढच्या भेटीला पहिले पाढे पंचावन्न.

हे करताना तीन ढीग वेगळे ठेवा. एक, दारातूनच परत आलेले: नाव, नंबर, तारीख, कोड यांपैकी काही चुकलं म्हणून विमा कंपनीच्या प्रणालीने आतच घेतले नाहीत. दोन, तपासून नाकारलेले: पूर्वमंजुरी (विमा कंपनीची आगाऊ परवानगी) नव्हती, सेवा पॉलिसीत बसत नाही, वैद्यकीय गरज दिसत नाही. तीन, पास झाले पण पैसे कमी आले. पहिल्या ढिगाचं औषध रिसेप्शनला, दुसऱ्याचं डॉक्टर आणि पूर्वमंजुरी बघणाऱ्याकडे, तिसऱ्याचं दरांच्या तक्त्यात. तिन्ही एकाच ‘रिजेक्ट’ नावाखाली मोजले तर उपाय कधीच नेमका लागत नाही. तुमचा ‘सातातला एक’ हा आकडासुद्धा असा फोडूनच बघा.

आता रिसेप्शनचा ढीग, कारण तिथली दुरुस्ती सगळ्यात स्वस्त पडते.

नाव कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. रुग्ण सांगतो ते हाक मारण्याचं नाव वेगळ्या रकान्यात टाका. जन्मतारीख भरताना ०४/०७ आणि ०७/०४ ची अदलाबदल फार होते, म्हणून महिना अंकात न घेता नावाने निवडता येईल असा रकाना ठेवा. सदस्य क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि गट क्रमांक हे तीन वेगळे असतात. कार्डावर तिन्ही छापलेले असले की रिसेप्शनवर जो ठळक दिसतो तो पहिल्या रकान्यात जातो. प्रत्येक विमा कंपनीसाठी ‘क्रमांकात इतके अंक, सुरुवात अशी’ हा नियम बहुतेक ईएचआरमध्ये बसवता येतो. एवढ्यानेच बरंच काम होतं. क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य हा आणखी एक सापळा आहे. यादी एक्सेलमध्ये उघडून परत चढवली की ते शून्य गळतं, म्हणून तो रकाना कायम मजकूर म्हणूनच ठेवा, संख्या म्हणून नाही.

विमाधारकाशी नातं: रुग्ण स्वतः, पती किंवा पत्नी, मूल. नवीन रुग्णाची नोंद करताना तिथे आपोआप ‘स्वतः’ येत असेल तर ते काढून रकाना रिकामा ठेवा. आठ वर्षांच्या मुलासमोर ‘स्वतः’ असा क्लेम गेला तर तो परतच येणार.

दुहेरी नोंदी शोधा. एकाच माणसाची दोन केसपेपर खाती असतात, विमा एकावर आणि आजची भेट दुसऱ्यावर. जन्मतारीख आणि मोबाइल नंबर जुळणाऱ्या नोंदींची यादी दर आठवड्याला काढा आणि त्या एकत्र करण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. हे काम वैद्यकीय दृष्टीनेही तितकंच गरजेचं आहे, कारण ॲलर्जी एका खात्यावर आणि औषध दुसऱ्या खात्यावर असं होऊ शकतं.

पात्रता, म्हणजे रुग्णाचा विमा चालू आहे का आणि त्यात काय बसतं, दोनदा तपासा: अपॉइंटमेंट घेताना एकदा, आणि भेटीच्या ४८ ते ७२ तास आधी रात्री सगळ्यांची मिळून एकदा. महिना आणि पॉलिसीचं वर्ष बदलतं तेव्हा भेटीच्या सकाळी तिसऱ्यांदा. फक्त ‘चालू’ एवढं उत्तर पुरत नाही. ही सेवा पॉलिसीत आहे का, आपला डॉक्टर त्यांच्या यादीत आहे का, वर्षाची मर्यादा किती उरली, रुग्णाचा वाटा किती, एवढं त्या उत्तरातून काढून भेटीच्या नोंदीला जोडा. सोबत तपासल्याची तारीख-वेळ आणि संदर्भ क्रमांकही. उद्या ‘त्या दिवशी पॉलिसी चालू नव्हती’ असं आलं तर तोच पुरावा.

पूर्वमंजुरीसाठी ईएचआरमध्ये एक छोटा तक्ता बनवा: कोणती कंपनी, कोणती सेवा, मंजुरी लागते की नाही. डॉक्टरांनी ऑर्डर टाकताच त्या तक्त्यावरून काम मंजुरी बघणाऱ्याच्या यादीत पडलं पाहिजे. मंजुरी मिळाली की तिचे चार भाग नोंदवा: क्रमांक, कोणत्या कोडसाठी, किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत. नुसता क्रमांक नोंदवला तर फसगत होते. फिजिओथेरपीच्या ६ बैठका मंजूर असतात आणि सातवी, आठवी बैठक त्याच क्रमांकावर जाते. उरलेल्या बैठका अपॉइंटमेंटच्या पडद्यावर दिसल्या की ही चूक जवळजवळ संपते.

---

कोडिंग_टेबल

वरचं पटलंच. माझं म्हणणं फक्त केसपेपर ते चार्ज (सेवेची बिलात पडणारी ओळ) या टप्प्याबद्दल आहे, कारण ६ दिवसांचा उशीर बहुधा तिथेच आहे.

ते ६ दिवस फोडा. भेट संपली ते डॉक्टरांनी नोंद सही करून बंद केली, किती तास. नोंद बंद ते कोडिंग (निदान आणि सेवांना बिलाचे कोड देणं) पूर्ण, किती. कोडिंग ते क्लेम रवाना, किती. या तिन्हींच्या वेळा ईएचआरच्या ऑडिट लॉगमध्ये (कोणी कधी काय केलं याची आपोआप होणारी नोंद) पडलेल्याच असतात. डॉक्टरनिहाय काढा. सरासरी बघू नका, सगळ्यात उशिराच्या १० टक्के नोंदी बघा. बऱ्याचदा सगळेच उशीर करत नाहीत. एखाद्या डॉक्टरच्या ठरावीक दिवसाच्या नोंदी अडकतात, किंवा लॅबचा रिपोर्ट यायचाय म्हणून नोंद उघडी ठेवली जाते. रिपोर्ट आल्यावर पुरवणी नोंद जोडता येते, त्यासाठी भेटीची नोंद अडवून ठेवायची गरज नसते. सही २४ तासांत, क्लेम ७२ तासांत हे ध्येय ओपीडीला झेपतं.

दुसरं, रोजचा ताळा. संध्याकाळी दोन याद्या समोरासमोर ठेवा: आज ‘आले’ अशी खूण असलेल्या भेटी आणि आज चार्ज पडलेल्या भेटी. पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्या यादीत नाही अशी प्रत्येक भेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाली निघाली पाहिजे. हाच ताळा ऑर्डर आणि चार्जचाही करा. इंजेक्शन, ड्रेसिंग, ईसीजी, लस यांच्या नोंदी नर्सच्या पडद्यावर होतात आणि चार्ज डॉक्टरांच्या पडद्यावरून पडतो, तिथे गळती होते. नाकारलेला क्लेम निदान दिसतो. न पडलेला चार्ज कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, म्हणून तो मला जास्त गंभीर वाटतो.

इंजेक्शनचंच उदाहरण जवळून बघा. कुपी ४० मिलिग्रॅमची. दरपत्रकात त्या औषधाचं एकक १० मिलिग्रॅम. पूर्ण कुपी दिली तर क्लेममध्ये संख्या ४ हवी. नर्स ‘१ कुपी’ नोंदवते, इंटरफेस १ पुढे ढकलतो आणि क्लेम चौथाई रकमेला पास होतो. कोणालाच काही खटकत नाही, कारण तो नाकारला गेलेलाच नाही. उलट कोणी ४० टाकले तर कमाल संख्येच्या नियमात अडकून परत येतो. उपाय माणसावर सोडू नका. औषधांच्या मास्टरमध्ये (मूळ यादीत) प्रत्येक औषधासमोर ‘दिलेल्या मात्रेचं बिलाच्या एककात रूपांतर’ हा गुणक भरा. एकदा वापरायच्या कुपीतून ३० दिले आणि १० टाकून दिले तर दोन्ही आकडे नोंदीत हवेत, सोबत बॅच क्रमांक. तुमच्याकडच्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या २० औषधांचे गुणक या आठवड्यात तपासा.

आता निदानाचे कोड. आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) वापरत असाल तर चार जागा बघा.

डॉक्टरांची आवडत्या कोडची यादी. ईएचआर चालू करताना कोणीतरी घाईत बनवलेली असते आणि तिच्यात शेवटी ‘.९’ असलेले, म्हणजे ‘तपशील दिलेला नाही’ असे कोड वर बसलेले असतात. केसपेपरमध्ये डॉक्टरांनी मधुमेहामुळे मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचं व्यवस्थित लिहिलेलं असतं आणि कोड जातो ई११.९, म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह. मग मूत्रपिंडाच्या तपासण्या कशासाठी, असा प्रश्न विमा कंपनीने विचारला तर त्यांचं काय चुकलं? तिथे ई११.२ हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आवृत्तीत त्याला एन०८.३ ची तारांकित जोड आहे, आणि तारांकित कोड एकटा किंवा पहिला टाकायचा नसतो. मूळ आजाराचा कोड आधी, तारांकित नंतर. डोळ्यांसाठी ई११.३ आणि एच३६.०, नसांसाठी ई११.४ आणि जी६३.२ अशाच जोड्या आहेत. देशोदेशीच्या सुधारित आवृत्त्यांत रचना बदलते, म्हणून तुमच्या विमा कंपन्या कोणती आवृत्ती घेतात ते आधी पक्कं करा.

दुसरी जागा म्हणजे भाषांतर. आजारांची यादी अनेक ईएचआरमध्ये आतून स्नोमेड सीटीमध्ये (वैद्यकीय संज्ञांची वेगळी, जास्त तपशिलाची कोडयादी) असते आणि बिलाला आयसीडी लागतो. मधला नकाशा ठोकळ कोड देतो किंवा ‘वय, बाजू, कारण पाहून ठरवा’ म्हणून थांबतो. अशा थांबलेल्या नोंदींची यादी कोडरला मिळते का ते बघा.

तिसरी, सेवेला जोडलेलं निदान. क्लेममधल्या प्रत्येक सेवेच्या ओळीला कोणतं निदान लागू आहे ते सांगावं लागतं. सहसा ईएचआर यादीतलं पहिलं निदान सगळ्या ओळींना चिकटवतो. रुग्ण गुडघेदुखीसाठी आला आणि जाता जाता एचबीए१सी (मधुमेहाची रक्ततपासणी) काढली, तर ती तपासणी गुडघ्याला जोडली जाते आणि ‘गरज दिसत नाही’ म्हणून परत येते. ऑर्डर टाकतानाच निदान निवडायला लावा.

चौथी जागा शिळी यादी. बरे झालेले आजार आणि संपलेलं गर्भारपण ‘चालू’ मध्ये राहतं आणि तिथून थेट बिलात शिरतं.

बारीक गोष्ट एक: कोड हाताने टाइप होत असतील तर इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांची गल्लत होते. रक्तदाबाचा आय१० हमखास असा बिघडतो. टाइप करणं बंद करून निवडणंच ठेवा.

---

डॉक्टर_केसपेपर

सक्तीच्या रकान्यांबद्दल सावध करायचं आहे. त्या प्रश्नाला इथे उत्तर मिळालेलं नाही आणि तिथेच बहुतेक क्लिनिक घसरतात.

रकाना सक्तीचा केला म्हणजे माहिती मिळते असं नाही. घाईत माणूस टिंब टाकतो, ‘लागू नाही’ टाकतो, ड्रॉपडाउनमधला पहिला पर्याय निवडतो. रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो. खोटा भरलेला ओळखताच येत नाही. म्हणून पूर्ण अडवणूक तिथेच करा जिथे तो रकाना नसेल तर क्लेम शंभर टक्के परत येणार आहे: सदस्य क्रमांक, विमाधारकाशी नातं, सेवेची तारीख, निदान, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, मंजुरी लागणाऱ्या सेवेला मंजुरी. बाकी सगळं इशाऱ्यावर ठेवा. आणि इशाऱ्यांचाही हिशेब ठेवा. दहापैकी नऊ वेळा डॉक्टर तो न वाचता बंद करत असतील तर इशारा काढून टाका, नाहीतर खरा महत्त्वाचा इशाराही त्याच ओघात बंद होईल.

सक्ती योग्य माणसाच्या पडद्यावरही हवी. विम्याचा रकाना रिकामा आहे म्हणून रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरांची नोंद अडणं हा चुकीचा आराखडा आहे. त्याची अडवणूक रिसेप्शनला, रुग्ण आत सोडण्याआधी.

टेम्प्लेट आणि मागची नोंद पुढे उचलण्याची सोय यांवर लगाम हवा. तक्रारीत ‘उजवा गुडघा सुजलेला’ आणि खाली टेम्प्लेटमधून आलेलं ‘सर्व सांधे सामान्य’. तपासनिसाच्या हाती अशी नोंद पडली की तो क्लेम तर जातोच, पण त्या डॉक्टरच्या बाकीच्या नोंदींवरचा विश्वासही जातो. टेम्प्लेटमध्ये ‘सामान्य’ आधीपासून भरून ठेवू नका. तपासलं तेवढंच टिचकीने भरलं जावं. मागच्या भेटीतून उचललेला मजकूर वेगळ्या रंगात दिसावा आणि डॉक्टरांनी तो तपासल्याशिवाय सही होऊ नये.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: बिलिंगकडून ‘एवढी ओळ घाला म्हणजे जास्त पैशांचा कोड बसेल’ असा निरोप डॉक्टरांना जाता कामा नये. विचारायचं असेल तर मोकळा प्रश्न विचारा: ‘मूत्रपिंडाच्या आजाराचं कारण नोंदीत स्पष्ट नाही, तुमच्या मते काय?’ उत्तर काय हवं ते प्रश्नात नको. जे केलं पण लिहायचं राहिलं त्यासाठी पुरवणी नोंद आहे, आजच्या तारखेने, वेळेसह. जुनी नोंद बदलू नका. ऑडिट लॉगमध्ये प्रत्येक बदल दिसतो आणि क्लेम नाकारल्यानंतर बदललेल्या नोंदीला कोणी पुरावा मानत नाही.

---

ओपीडी_व्यवस्थापन

तिघांचेही मनापासून आभार. आजच संध्याकाळचा ताळा करून पाहिला: ११८ ‘आले’, चार्ज १११ भेटींना. सात भेटींपैकी तीन नोंदी सही न झालेल्या. उरलेल्या चार ईएचआरमध्ये व्यवस्थित बंद आहेत, चार्जही दिसतो, पण बिलिंगमध्ये पोचल्याच नाहीत. हे इंटरफेसचं काम दिसतंय. तिथे काय तपासायचं?

---

इंटरफेस_मिस्त्री

आधी एररची रांग उघडा. प्रत्येक इंटरफेस इंजिनमध्ये अडकलेल्या संदेशांची रांग असते. तुमच्या चार भेटी तिथेच पडलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. ती रांग रोज कोणी बघायची हे बऱ्याच ठिकाणी ठरलेलंच नसतं. ईएचआरवाले म्हणतात आम्ही पाठवलं, बिलिंगवाले म्हणतात आम्हाला आलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बहुतेक क्लिनिकमध्ये अजून एचएल७ ची (आरोग्य सॉफ्टवेअरनी एकमेकांना संदेश पाठवण्याची ठरलेली पद्धत) दुसरी आवृत्ती चालते. त्यात तुमच्या कामाचे संदेश तीन. एडीटी म्हणजे रुग्णाची माहिती, एसआययू म्हणजे अपॉइंटमेंट आणि डीएफटी म्हणजे चार्ज. अडकण्याची नेहमीची कारणं अशी:

नवीन सेवा ईएचआरमध्ये सुरू केली पण बिलिंगच्या मास्टरमध्ये तिचा कोड नाही. डॉक्टर नवा आला आणि त्याचा क्रमांक पलीकडे भरलेला नाही. ही दोन कारणं सगळ्यात जास्त दिसतात. नवी सेवा किंवा नवा डॉक्टर सुरू करण्याआधी दोन्हीकडच्या मास्टरवर एकाच माणसाची सही घ्या.

दुहेरी खाती एकत्र केल्याचा संदेश एडीटी ए४० हा असतो. पलीकडचं सॉफ्टवेअर तो घेतच नसेल तर ईएचआरमध्ये एक रुग्ण आणि बिलिंगमध्ये दोन राहतात, आणि त्यानंतरचे चार्ज बंद खात्यावर आदळतात. रुग्णाची माहिती बदलल्याचा ए०८ येतो, पण त्यातला विम्याचा भाग, म्हणजे आयएन१, घेतला जात नाही असंही होतं. रिसेप्शनने नंबर सुधारला तरी क्लेम जुन्या नंबराने जातो तो यामुळे. वर सांगितलेली १०० क्लेमची यादी करताना ‘ईएचआरमध्ये बरोबर, क्लेममध्ये चूक’ असा एक रकाना वाढवा, म्हणजे रिसेप्शनच्या माथी इंटरफेसचा दोष जाणार नाही.

चार्जच्या संदेशात एफटी१ हा भाग उघडून बघा. चौथ्या जागी व्यवहाराची तारीख, पाचव्या जागी नोंदवल्याची तारीख, दहाव्या जागी संख्या, एकोणिसाव्या जागी निदान. पलीकडे चौथ्याऐवजी पाचवी जागा वाचली जात असेल तर उशिरा सही झालेल्या प्रत्येक भेटीची सेवेची तारीख चुकते आणि मंजुरीच्या मुदतीत ती बसत नाही. कोडिंगवाल्यांनी सांगितलेला इंजेक्शनचा ४ चा १ होणं दहाव्या जागेत दिसतं. निदान एकापेक्षा जास्त असताना पहिलंच पलीकडे जातंय का, तेही तिथेच कळेल.

रात्री दोन्हीकडून तीन आकडे काढा: भेटींची संख्या, चार्जच्या ओळींची संख्या, एकूण रक्कम. तिन्ही जुळले पाहिजेत. फक्त रक्कम जुळवू नका, एक ओळ गळली आणि दुसरी दोनदा गेली तर रक्कम जवळपास सारखीच दिसते.

तुमचा ईएचआर फायर (एफएचआयआर, एचएल७ चीच नवी पद्धत) देत असेल तर पात्रतेची विचारणा, पूर्वमंजुरी आणि क्लेम यांसाठी त्यात ठरलेले साचे आहेत. पूर्वमंजुरीला वेगळा साचा नाही, क्लेमच्याच साच्यात ‘उपयोग: पूर्वमंजुरी’ असं लिहून पाठवतात. त्यामुळे मंजुरीला जी माहिती गेली तीच पुढे क्लेमला वापरता येते आणि दोन्हींत तफावत पडत नाही. पण समोरची विमा कंपनी ते स्वीकारते का, यावर सगळं आहे.

दर वेळी सॉफ्टवेअर अद्ययावत झालं की २० चाचणी रुग्ण नोंदणीपासून क्लेमपर्यंत चालवून बघा. त्यात जुळं मूल, दोन विमे असलेला रुग्ण, एकाच दिवशी दोन भेटी, मध्यरात्रीच्या आसपासची भेट आणि रद्द करून पुन्हा टाकलेला चार्ज एवढे हवेतच.

---

थकबाकी_डेस्क

रिपोर्टचं मी सांगतो. पाचच ठेवा: चार्जचा उशीर, पहिल्या फेरीत पास होण्याचं प्रमाण, नाकारण्याची कारणं रकमेनुसार, थकबाकीचे दिवस आणि टाळता आली असती अशी माफी (वसूल न करता सोडून दिलेली रक्कम).

थकबाकीचे दिवस काढताना एक चूक सर्रास होते. समजा येणं ४६,४०,००० आहे आणि गेल्या ९० दिवसांचं बिलिंग ७२,००,०००. रोजचे ८०,०००, म्हणून ५८ दिवस. पण त्या येण्यात जादा जमा झालेल्या, परत द्यायच्या ४,००,००० रकमा वजा होऊन बसल्या असतील तर खरं येणं ५०,४०,००० आणि दिवस ६३. जादा जमा वेगळी दाखवा. ती येण्यात मुरवली की आकडा गोड दिसतो.

माफीचे कोड दोन गटांत तोडा. करारातल्या दरामुळे सोडावी लागणारी रक्कम वेगळी, आणि मुदत गेली, मंजुरी घेतली नाही, कागद मिळाला नाही म्हणून सोडलेली वेगळी. दुसरी रक्कम ‘करारातली सूट’ म्हणून जमा होत असेल तर गळती कायमची झाकली जाते. हा कोड कोणाला वापरता येतो तेही मर्यादित करा.

कमी आलेले पैसे पकडायचे तर प्रत्येक कंपनीचे करारातले दर सॉफ्टवेअरमध्ये भरलेले हवेत. पैसे जमा करताना अपेक्षित आणि आलेली रक्कम शेजारी दिसली पाहिजे. शून्य पैसे आलेली ओळसुद्धा कारणासह जमा करा. ती वगळली तर नाकारल्याची नोंदच होत नाही आणि अपिलाची मुदत न कळत निघून जाते.

रुग्णाचा वाटा भेटीच्या वेळीच घ्या. पात्रतेच्या उत्तरातून तो आधीच कळलेला असतो, तर रिसेप्शनच्या पडद्यावर आकडा दिसायला हवा. घरी बिल पाठवून वसूल करणं नेहमीच जास्त अवघड जातं.

आणि बदल एकदम पाच करू नका. पात्रतेची रात्रीची तपासणी आधी, तीन आठवडे. मग सही २४ तासांत. मग गुणक आणि निदानाची जोड. क्लेमचा निकाल यायला वेळ लागतो, त्यामुळे आजच्या बदलाचा परिणाम थकबाकीच्या दिवसांत लगेच दिसणार नाही. चार्जचा उशीर आणि दारातून परत येणारे क्लेम आधी हलतात, त्यांच्यावर नजर ठेवा. मॉड्यूलचा विचार त्यानंतर. त्या मॉड्यूलचे नियम तुमच्या १०० क्लेमच्या यादीतल्या किती चुका पकडतील, हे कंपनीला तीच यादी देऊन दाखवायला सांगा. जी माहिती नोंदीतच नाही ती कुठलंही मॉड्यूल आणून देणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

---

ओपीडी_व्यवस्थापन

एररच्या रांगेत चारही भेटी सापडल्या, नव्या डॉक्टरांचा क्रमांक पलीकडे नव्हता. त्याच कारणाने मागचे ३१ संदेशही अडकलेले आहेत.

शेवटचा प्रश्न: ९० दिवसांपुढची २२ टक्के रक्कम. दोनच माणसं आहेत. जुन्यातल्या जुन्यापासून सुरुवात करावी का?

---

थकबाकी_डेस्क

नाही. प्रत्येक कंपनीची पहिला क्लेम, दुरुस्त क्लेम आणि अपील यांची मुदत वेगळी असते. ती तीन आकड्यांत प्रत्येक क्लेमसमोर लिहा आणि ‘मुदतीला उरलेले दिवस’ असा रकाना बनवा. मुदत संपलेले बाजूला काढा. त्यात विमा कंपनीने क्लेम मिळाल्याची पोच दिलेली असेल तेवढेच परत उचलायचे, कारण वेळेत पाठवल्याचा तो पुरावा आहे. उरलेल्यांत १५ दिवसांच्या आत मुदत संपणारे आधी घ्या, त्यात मोठी रक्कम वर. मग बाकीचे कारणानुसार गठ्ठ्याने: एकाच कंपनीचे, एकाच कारणाचे ३० क्लेम एका बैठकीत निघतात, वेगवेगळ्या कारणांच्या ३० ना आठवडा लागतो.

ते ३१ संदेश मात्र आजच पुढे पाठवा. त्यांचे क्लेम अजून गेलेलेच नाहीत, म्हणजे पहिल्या क्लेमची मुदत सेवेच्या तारखेपासून चालू आहे. पाठवताना एफटी१ च्या चौथ्या जागी मूळ भेटीची तारीख आहे ना, ते आधी दोन-तीन संदेशांवर बघून घ्या आणि मगच बाकीचे पुढे पाठवा.